प्रतिक्षाचा नवरा

प्रतिक्षा बायकांच्या डब्यात चढली, तसा सुजय खांबाआडून निघाला आणि अगदी शेवटच्या डब्यात शिरला. गाडीने पेण सोडलं.

ती आज अबोली रंगाची साडी नेसली होती. लग्नात आलेली, अजून घडी न मोडलेली. ती कुणासाठी, हे सुजयला कुणी सांगायला नको होतं.

बातमी शकूने आणली होती. शकू आणि प्रतिक्षा गणपतीच्या एकाच कारखान्यात रंगकामाला. "तुझी बायको रोह्यात काळुरामबरोबर दिसली," एवढंच शकू बोलली आणि गेली. काळुराम म्हणजे प्रतिक्षाचा पहिला नवरा. दारूने त्याचं मातेरं केलं होतं. त्यापायीच ती त्याला सोडून कासूला बहिणीकडे आली, रीतसर काडीमोड झाला, आणि पुढे सुजयशी लग्न. आता म्हणे काळुरामने दारू सोडली होती. रोह्याला दारू सोडलेल्यांची मीटिंग भरते, तिथे तो जातो, नव्या माणसांना चार शब्द सांगतो.

सोडायचीच होती, तर ती घरात असताना का नाही सोडली? बेवडा काळुराम सुजयला कधीच डाचला नव्हता. बेवड्याचा कसला हेवा करायचा? पण हा बरा झालेला काळुराम रोज त्याच्या ताटाशी येऊन बसायला लागला.

शेवटी त्याने प्रतिक्षाला विचारलं. ती भाकऱ्या थापत होती. तिने काही लपवलं नाही. हो, मीटिंगला जाते म्हणाली. पत्ता काळुरामकडूनच घेतला म्हणाली. तिथे घरच्या माणसांनाही बसू देतात.

"कुणाच्या घरचं माणूस म्हणून बसतेस?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "तुम्हीपण चला की एकदा. बघा तरी."

"त्याची खुशाली विचारायला?"

ती पुढची भाकरी थापायला लागली. हल्ली ती असंच करायची. तिने त्याची मोटरसायकल कासूला बहिणीच्या अंगणात नेऊन लावली, तेव्हाही नीट कारण सांगितलं नव्हतं. धाटावच्या कंपनीत सुपरवायझरशी वाजलं आणि सुजयची नोकरी गेली, तेव्हाही चूक कुणाची, हे तिने विचारलं नाही. बाकीच्या बायका नवऱ्याची बाजू घेऊन भांडतात. हिचं मन घरात असेल तर ना.

कासू स्टेशन आलं आणि गेलं. इथल्याच बाकावर ती त्याला पहिल्यांदा भेटली होती. मला घरात शांतता पायजे, बाकी काही नको, असं तेव्हा म्हणाली होती. त्या शांततेत काळुराम कधी शिरला, हे सुजयला कळलंच नव्हतं.

रोह्याला उतरल्यावर ती सावकाश चालत होती. सुजयच्या हातांना मघापासून थरथर सुटली होती. राग कुठे बाहेर पडेल सांगता येत नव्हतं, म्हणून तो कोपऱ्यावर एका ठिकाणी जरा आत जाऊन आला. थरथर थांबली. बडीशेप तोंडात टाकून तो बाहेर आला, तेव्हा त्याला वाटलं होतं, ती एव्हाना नजरेआड झाली असेल. पण ती पुढच्याच वळणावर होती, वाकून चप्पल नीट करत.

मीटिंग एका बैठ्या शाळेत होती. प्रतिक्षा आत गेली, तसा सुजय वळसा घालून मागच्या खिडकीशी आला. त्याची लांब सावली आतल्या फरशीवर पडली.

वर्गात थोडीच माणसं होती. काळुरामला त्याने लगेच ओळखलं. गाल भरले होते, सदऱ्याला इस्त्री होती. त्याने प्रतिक्षासाठी खुर्ची ओढली, चहाचा ग्लास हातात दिला. तिने तो घेतला.

मीटिंग चालवणारे पांढऱ्या केसांचे आयझॅककाका कुणाला बोलायचंय का, असं विचारत होते. काळुरामने प्रतिक्षाकडे पाहिलं. ती खिडकीकडे पाठ करून उभी राहिली.

"माझं नाव प्रतिक्षा. मी पीत नाय. माझा नवरा पितो."

म्हणजे काळुरामने सोडलीबिडली काही नाही, नुसतं नाटक. क्षणभर सुजयला बरं वाटलं. मग तो शब्द कानात उतरला. नवरा. सुजयचं मंगळसूत्र गळ्यात घालून चार लोकांत ती काळुरामला नवरा म्हणत होती.

"माणूस वाईट नाय," ती म्हणाली. "सगळे सांगतात, सोड त्याला. बहीणपण तेच सांगते. पण एकदा घर सोडून निघालेली हाय मी. पुन्हा नाय निघणार."

सुजयने गज घट्ट धरले. काळुराम मान खाली घालून ऐकत होता, जसा काही साधूच. आत घुसून तिला दंडाला धरून बाहेर काढावं, असं सुजयला वाटलं, पण त्याने गज सोडले नाहीत.

तू इथे येतेस हे त्याला ठाऊक आहे का, असं आयझॅककाकांनी हलकेच विचारलं.

"ठाऊक हाय." तिने मागे वळून पाहिलं नाही. "आतासुद्धा माझ्या पाठीमागच्या खिडकीत उभा हाय. कुणीतरी त्याला हाताला धरून आत आणा."