सात मुलींची बस

"शेवंतामावशी, आज पण बस नाही?" नववीतल्या गोदीनं विचारलं. सात मुलींपैकी ती एकटीच थांब्यावर आली होती.

वाडीतल्या अकरा घरांनी छपरांवर सौर पॅनल बसवली होती. त्या विजेवर छोटी बस चार्ज करून शेवंता मुलींना घाटाखालच्या हायस्कुलात पोचवायची. आता बॅटरी कायमची गेली होती आणि ती बनवणारी कंपनीही बंद पडली होती.

"चल, चालत सोडते तुला," शेवंता म्हणाली.

तेवढ्यात गोदीची आई आली. तिनं मुलीच्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं. "आज सोडशील, पण रोज दोन तास कशी चालशील गं? रविवारी हिला बघायला येणारेत."

गोदी आईच्या मागून घराकडे निघाली. शेवंतानं हाक मारली, पण तोवर दोघी वळणापलीकडे गेल्या होत्या.