अक्रोडाला हाक कोण मारतं?

“शब्द चालवून दाखवा,” लॅपटॉपच्या पडद्यावरून प्राध्यापिका इंग्रजीत म्हणाल्या. “ओरेखु.”

पल्लवी ताठ बसली. ओरेखु! वर्षभर तिने याच शब्दाचा पिच्छा पुरवला होता. ओरेखु म्हणजे अक्रोड, किंवा कठीण कवचाचं कुठलंही तसलं फळ. शब्द सगळ्या स्लाव्ह भाषांच्या मूळ भाषेतला. त्या भाषेतलं अक्षरही कुणी लिहून ठेवलेलं नाही. आजच्या रशियन, चेक, पोलिश शब्दांवरून मागे जात जात अभ्यासकांनी ती जुळवलेली. प्रागच्या विद्यापीठात त्या भाषेच्या अभ्यासाला एकच जागा होती, आणि नाशिकच्या सिडकोतल्या पल्लवीची ती गेल्या वर्षी थोडक्यात हुकली होती. आज त्याच जागेसाठी पुन्हा मुलाखत होती.

पल्लवी बोलत सुटलीच. लिथुआनियन भाषेतल्या चुलत भावंडापर्यंत तिने शब्दाचं मूळ नेऊन भिडवलं. मग विभक्त्या. शेवटी संबोधन. “इथे ‘ख’चा ‘श’ होतो. ओरेशे! हे अक्रोडा!”

“थांबा.” प्राध्यापिकांनी हात वर केला. “हाक माणसाला मारतात, देवाला मारतात. अक्रोडाला कोण मारतं? जे कुणाच्या तोंडी आलंच नसेल, ते रूप तुम्ही भाषेत का घालता?”

नियमाने होतं, एवढंच उत्तर पल्लवीकडे होतं. ते पुरणार नव्हतं.

तेवढ्यात बाहेर पायरीवर धाडधाड सुरू झालं. पोरीला यश मिळावं म्हणून तिची आई, उज्ज्वलाबाई, नारळ वाढवत होती. नारळ काही दाद देईना.

“अरे नारळा, फूट की रे बाबा एकदाचा! पोरीचा जीव टांगणीला लागलाय!”

पल्लवीचं बोट माइक बंद करायला गेलं आणि तसंच थांबलं.

“मॅडम, ऐकलंत?” ती जवळजवळ ओरडलीच. “माझी आई आहे. नारळ फुटत नाहीये, म्हणून त्यालाच हाक मारतेय. नारळ, नारळा. संबोधन! समोरच्याला कान नसले तरी चालतं, मॅडम. हाक मारणाऱ्याला गरज असली की झालं.”

मग प्राध्यापिका शेजारच्या सहकाऱ्याकडे वळून चेकमध्ये कुजबुजल्या, “हिलाच घेऊ या.”

पल्लवीला चेक कळत होतं. तिने तोंडावर हात दाबून धरला.

प्राध्यापिका पुन्हा कॅमेऱ्याकडे सरकल्या, अगदी जवळ.

“बाकी राहू दे,” त्या म्हणाल्या. “फुटला का तो?”