जमिनीची पातळी

“या इमारतीला मजले किती?” वास्तुकलेच्या तोंडी परीक्षेत खरोटे सरांनी पडद्यावरच्या चित्राकडे बोट दाखवलं.

“आठ,” वृंदा म्हणाली.

“नीट मोजा. नियमाने तिथे सातच चालतात.”

वृंदाला मोजायची गरज नव्हती. त्याच इमारतीत तळमजल्यावर तिचं घर होतं. आपोआप वाढणाऱ्या काँक्रीटच्या या इमारती जमिनीपासून स्वतःच स्वतःचे मजले मोजायच्या आणि सात भरले की वाढायच्या थांबायच्या. गेल्या महिन्यात बिल्डरने भोवती माणसाच्या उंचीएवढा भराव टाकला. इमारतीच्या हिशेबी खालचा मजला तळघर झाला. पंधरा दिवसांत इमारतीने वर नवा मजला काढला, आणि तो विकलाही गेला.

“निम्म्याहून जास्त मातीत गेलं की ते तळघर, आणि तळघर मजल्यात धरत नाहीत,” सर म्हणाले. “पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा सांगतील.”

“तळघर? माझ्या आईचं स्वयंपाकघर आहे ते! खिडकीच्या फटींतून माती ओट्यावर येते. भर दुपारी दिवा लावून भाकऱ्या थापते ती.”

“भावना बाहेर ठेवा. बिल्डरने एकही नियम मोडलेला नाही.”

“तेच तर म्हणतेय मी!”

सरांनी घड्याळ पाहिलं. “हुशार आहात. सात म्हणा, लगेच पास करतो.”

वृंदा ताडकन उठली. “चला माझ्याबरोबर. आईच्या ओट्यासमोरची खिडकी तेवढी उघडून दाखवा, मग म्हणते सात.”