लाकडी चाटू

गोऱ्या पाद्र्याने आमच्या मलावीत चर्चच्या पुढाऱ्यांचं शिबिर भरवलं. खुर्च्या पुरुषांना, चुली बायकांना. मी दुभाषी. शेवटच्या दिवशी उत्तम पुढाऱ्याच्या एकुलत्या एक प्रमाणपत्रावर नाव लिहिण्याआधी त्याने आमच्या चर्चच्या पाळकांना, म्हणजे माझ्याच मामांना, विचारलं, "तुमच्या मंडळीत आजारी कोण?" मामा टाय चाचपत बसले. चुलीवर न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, चाटूने हाटणारी माई तामांदा तिथूनच ओरडली, "लिनेसचं बाळ दूध पीत नाही, बोनोंग्वे म्हातारा तापाने फणफणलाय, दोघांकडे सकाळीच जाऊन आले!" "तू न्सिमा हाट, इथे शिकलेल्यांचं चाललंय!" मामा खेकसले. माझं टाळकं सटकलं. गोऱ्याला मी सगळं सांगितलं, वर स्वतःचंही घातलं, "चर्च हीच चालवते, मामा नुसती भाषणं ठोकतात!" गोऱ्याने पेन उघडलं. "मग नाव कुणाचं लिहू?" सगळं शिबिर उसळलं, "माईचं!" पुढे येताना माईने लाकडी चाटू मामांच्या हातात कोंबला. "हाटत राहा, पाळकसाहेब, नाहीतर गुठळ्या होतील."