पलीकडे लिहिणारा माणूस

तीन ठिपके अजून हलतच होते. एक वर जायचा, दोन खाली राहायचे, मग दुसऱ्याची पाळी. त्यांच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : आमचे प्रतिनिधी लिहीत आहेत. या प्रतिनिधींनी दहा वाजून वीस मिनिटांनी लिहायला घेतलं होतं. आता सव्वाबारा झाले होते.

"एवढ्या वेळात मी अख्ख्या गावाच्या जमिनीची पहाणी उतरवून काढली असती," चंपतराव मोबाइलला म्हणाले. ते सरकारी कारकून म्हणून रिटायर झाले होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच अर्जदार झाले होते.

प्रकरण रुक्माबाईंच्या कानातल्या मशीनचं होतं. निर्मलहून आणलेलं मशीन चार दिवस चाललं. चार दिवस बाईंनी कुकरच्या शिट्ट्या स्वतः मोजल्या आणि नवरा झोपेत काय बोलतो ते त्याला सकाळी सांगितलं. पाचव्या दिवशी मशीन बंद पडलं आणि घर पुन्हा ओरडायला लागलं. सात दिवसांत बदलून मिळणार होतं. कंपनीच्या ॲपवर तक्रार मंजूर करून घ्यायची, नाहीतर निर्मलच्या दुकानात नेऊन दाखवायचं. आज सातवा दिवस होता. मुदत पाच वाजता संपत होती.

दोन ओळींची तक्रार चंपतरावांनी रीतसर दरखास्तीत केली. विषय, संदर्भ, 'सविनय सादर करतो की', खाली पूर्ण नाव, मुक्काम बोथ. ठिपके लगेच हलू लागले. ती तत्परता पाहून त्यांना भरूनच आलं होतं.

साडेबाराच्या बसला रुक्माबाई पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"चला, निर्मलले जाऊन येऊ."

"काऊन जाचं? तिकडं मानूस लिहून राह्यला."

"काय?"

"लिहून राह्यला म्हन्तो," चंपतराव ओरडले.

"दोन घंट्यापासून? काय पोथी लिहून राह्यला का?"

"त्याले नियम पाहा लागते. वरच्या साहेबाले विचारा लागते. तुले काय समजते ऑफिसचं."

बस गेली. मोबाइल ताटाशेजारी ठेवून चंपतराव जेवले. अडीचच्या बसला मात्र ते उठले. एक पाय चपलेत गेलाही. तेवढ्यात ठिपके क्षणभर थांबले आणि नव्या दमानं हलू लागले. "आता पाठवतेच तो," ते म्हणाले आणि पाय बाहेर काढला. त्यानंतरची बस पाचच्या आत पोचणारी नव्हती.

तीन वाजता पुन्हा पाठवलेल्या दरखास्तीतून 'सविनय' गेलं. साडेतीनला 'महोदय' गेलं. चारला त्यांनी जे लिहिलं ते इथे देता येत नाही. पण विषय आणि संदर्भ तेव्हाही दिले होते.

"पस्तीस वर्षांत माया टेबलावरून एक मानूस रागानं उठून गेला नाही," ते गरजले. "याले म्हन्ते नोकरी." रुक्माबाईंना ऐकू आलं नाही, म्हणून वाद वाढला नाही.

पाचच्या ठोक्याला ठिपके थांबले. पडद्यावर एक ओळ आली : तक्रारीची मुदत संपली आहे, आपल्या संयमाबद्दल धन्यवाद.

चंपतरावांनी मोबाइल आपटायला उचलला, मग विचार करून उशीवर आपटला. रुक्माबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग बाईंनी कानातलं मुकं मशीन काढून रुमालात बांधलं.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मले तरी कोनाचं ऐकाचं राह्यलं आता."

चंपतरावांना एवढा राग कधी आला नव्हता. तो कुणावर काढावा हेच कळेना, म्हणून ते नुसतेच खोलीत येरझाऱ्या घालत राहिले.

तेवढ्यात वरच्या खोलीतून त्यांचा मुलगा हर्षदीप उतरला. तो घरी बसून हैदराबादच्या एका कंपनीचं काम करायचा. कुठल्याही ॲपमध्ये गिऱ्हाइकाशी बोलायची खिडकी असते. ती तयार करायचं सामान ही कंपनी पुरवायची. दिवसभर त्याची मीटिंग चालली होती, आणि चेहरा पेढे वाटायला निघाल्यासारखा होता.

"बाबा, यंदाच्या सामानात माझं काम कंपनीनं सगळ्यात वर लावलं. आधी गिऱ्हाईक दोन मिनिटांत उठून पळे. आता जागचं हालत नाही."

मग त्याचं लक्ष उशीवरच्या मोबाइलकडे गेलं. त्यानं तो उचलला, सकाळपासूनची खिडकी वर सरकवत नेली, आणि पेढे चेहऱ्यावरून उतरले.

"तुमी कवापासून बसले इथं?"

"दहापासून. तो हरामखोर लिहूनच राह्यला, लिहूनच राह्यला."

"बाबा, तिकडं कोनीच नव्हतं. मानूस नसला की ठिपके आपोआप हालते. मधात थांबते, पुन्हा चालू होते. ते मीच बसवलं."

दिवसभराच्या रागाला अखेर पत्ता सापडला.

"तुया मायचा कान गेला याच्यापायी. रिकाम्या खुर्चीपुढं मानसं बसवून ठेवाची हे अक्कल तुले कोन्या कॉलेजात शिकवली?"

हर्षदीपनं मान खाली घातली. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. वडिलांनी विचारलं, म्हणून त्यानं सांगितलं.

"कॉलेजात नाही, बाबा. शाळा सुटली की मी तुमच्या ऑफिसात येऊन बसत होतो. साहेब गावाले गेले की तुमी त्यायच्या खोलीतला पंखा लावून ठेवत होते. दाराचा पडदा हालत राहे, अन् लोकं संध्याकाळवरी बसून राहत."