झुमक्यांचं माप

तातूने आपला फोन पुढे केला, झुहुराने आपला. तातूचा पोळपाटाएवढा, झुहुराचा त्याच्यापुढे काडेपेटी. आता फक्त सिमकार्डं काढायची, की झाली अदलाबदल.

“नंतर रडत यायचं नाही हं,” तातू म्हणाली. तिच्या काखेत नेटबॉल होता आणि एक पाय दाराबाहेर. मैदानावर सगळ्या जमल्या होत्या. आज झुहुरा आली नाही तर शनिवारच्या सामन्यातून तिचं नाव कापणार, असं बाईंनी सकाळीच वर्गात ठणकावलं होतं.

आणि झुहुरा जाणार नव्हती. कारण तिचा उजवा हात आईच्या मालकीचा होता.

तिची आई, बी मोझा, अख्ख्या झांझिबारच्या नवरीमुलींना मेंदी काढायची. एका हातात नवरीचं मनगट, दुसऱ्या हातात कोन. लग्नसराईत फोन तर सारखा वाजायचा. गल्लीतल्या सगळ्या बायका करतात तसं तीही डोक्याच्या रुमालात, कानापाशी फोन खोचून बघायची. पण तिचा जुना फोन म्हणजे कौलच. दोन वाक्यं झाली की सटकलाच. एकदा तर थेट मेंदीच्या वाडग्यात पोहून आला. मग झुहुराला हाक. शाळेतून आली की संध्याकाळपर्यंत आईच्या कानाशी फोन धरून उभी. मैत्रिणी तिला ‘खांब’ म्हणायच्या. मस्कतहून खातिबदादाचा व्हिडिओ कॉल आला, की त्याला आधी बहिणीचा अंगठा दिसायचा आणि मग आईचा कान.

हा छोटा फोन त्यानेच पाठवलेला. तो तिकडे फोनच्याच दुकानात कामाला. पाठवण्याआधी त्याने एक गंमत केली होती. कॉलवर आईला म्हणाला, रुमाल बांध, कानाजवळ बोटं घाल, किती मावतात सांग. तीन मावली. आई लाजून लाल. झुमके करतोय गं लेक माझ्यासाठी, असं तिने शेजारणींनाही सांगून टाकलं. मग खोका आला आणि त्यातून निघाला फोन. आईने कोपऱ्यांतून बोट फिरवून पाहिलं, झुमके नाहीत. ती हसली आणि खोका झुहुराच्या हातात दिला. शिकणाऱ्या मुलीसाठीच असणार, दुसऱ्या कुणासाठी? झुहुराने फोनवर इतका आरडाओरडा करून आभार मानले, की दादाचं “अगं, पण” त्यातच बुडालं. मग हसला. “बरं, वापर,” म्हणाला.

फोन होता मात्र झकास. दुकानात सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवतात ना, त्यांतला. डालाडालाच्या, म्हणजे आमच्याकडच्या मिनीबसच्या, गर्दीत एका हाताने दांडी धरायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा फोन चालवायचा. शाळेच्या स्कर्टच्या खिशात गुडूप. फोटो असे, की मेंदीच्या पानाची शीर न् शीर मोजावी. पण वर्गात बाहेर काढला की कुणीतरी विचारायचंच, “याचा मोठा भाऊ घरी ठेवलास का?” पाच जणी मिळून सामना बघायला बसल्या, तर तिघींना फक्त झुहुराची वेणी दिसायची.

म्हणून ही अदलाबदल. खेळायला मिळणारच नसेल, तर निदान मोठ्या पडद्यावर दुसऱ्यांचा खेळ तरी बघू.

तिने सिमची टाचणी भोकात घालायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली. खातिबदादा. आईचा फोन दुपारीच मान टाकून पडला होता, म्हणून याच्यावर.

“कानाला लाव गं,” समोर बसलेल्या नवरीच्या तळहातावरून नजर न काढता आई म्हणाली.

झुहुरा वैतागली. एका हातात टाचणी, दारात तातू, बाहेर सगळी टीम. तिने फोन सरळ आईच्या रुमालात खुपसला आणि पडलाच तर झेलायला खाली तळहात धरला.

आई नवरीच्या कोपरापर्यंत वाकली. फोन पडला नाही. मागे वळून तिने नवा कोन घेतला. पडला नाही. मग नवरीच्या पावलांशी जाऊन ती चक्क ओणवी झाली, वर मान हलवून हलवून हसलीही. झुहुराचा तळहात हवेत तसाच, रिकामा.

“नाही रे, ती नाही धरून बसली,” आई फोनात सांगत होती. “आपला आपणच बसलाय.”

पलीकडून असा काही हशा फुटला, की नवरीलाही ऐकू आला. आईच्या कपाळाला आठी पडली. तिने झुहुराकडे पाहिलं.

“माप बरोबर निघालं म्हणतोय. कसलं माप गं?”

झुहुराने आईच्या कानाकडे पाहिलं. मग आपल्या हाताची तीन बोटं जुळवून पाहिली. फोन अगदी तेवढाच होता.

तिने टाचणी फळीवर ठेवून दिली. “झुमके नव्हतेच आई. हाच होता. तुझाच. पहिल्या दिवसापासून.”

आई काही विचारणार, तोवर कोनातून थेंब ओघळायला आला. ती पुन्हा नवरीच्या पावलावर वाकली, बोलत, दोन्ही हातांनी काम करत.

तातूने आपला पोळपाट खिशात कोंबला. अर्धा बाहेरच राहिला. “वा गं वा,” ती म्हणाली. “म्हणजे माझा घेतला नाहीस आणि स्वतःचाही देऊन टाकलास. तुला काय मिळालं?”

झुहुरा उंबरठा ओलांडून पार गल्लीत पोचली होती. तिने वळून दोन्ही हात वर केले.

“हे दोन. टाक बॉल.”