ऊन उतरल्यावर

प्रयोगशाळेतली मोहरी पिवळी फुलली होती. एकच रोप तेवढं बोटभर उंचीवर अडून बसलं होतं.

"रुचिका, ये तो वैसा का वैसा है," अपूर्व म्हणाला. "फेकून देऊ?"

"नको. जिवंत आहे ते."

ऊन असह्य झालं की मोहरीत एक प्रथिन जागं होतं. ते वाढ थांबवतं आणि आधी जीव वाचवतं. ऊन उतरलं की ते नाहीसं होतं आणि रोप पुन्हा वाढीला लागतं. या रोपातलं प्रथिन मात्र जातच नव्हतं. नोव्हेंबरमध्ये दोघांनी त्याला एकदाच तापवलं होतं.

"म्हणजे याच्यासाठी अजून उन्हाळ्यातली लू चालूच आहे," अपूर्व म्हणाला. "याला कुणी सांगत का नाही, की बाबा, जानेवारी आ गया, आता वाढ?"

"सांगून कळत नाही."

खिडकीबाहेर धुक्यात समोरच्या टेकडीवरचा किल्ला बुडून गेला होता. रुचिकाला शिंक आली. रुमाल काढायला तिनं स्वेटरच्या खिशात हात घातला, तर आधी हातात कांदा आला.

अपूर्वला हसू फुटलं. "अगं, लू लागू नये म्हणून कांदा ठेवतात तो मे महिन्यात! या थंडीत कोण ठेवतं?"

"आई." रुचिकानं कांदा जपून परत खिशात ठेवला. "दादा लू लागून गेला ना, तेव्हापासून रोज ठेवते."

"कधी गेला?"

"मी सातवीत होते."